न गाणाऱ्या मुलाचा हक्क

गाणे शिकवणाऱ्या माणसाने राज्यघटनेवर लिहावे, हे काहींना अप्रस्तुत वाटेल. परंतु ज्या खटल्यांविषयी आज लिहावयाचे आहे त्यांच्या मुळाशी शाळेतली प्रार्थनेची वेळ आहे, आणि ती वेळ माझ्या रोजच्या कामाची आहे. राष्ट्रगीत मुलांच्या गळ्यावर नीट बसावे, त्याची लय घसरू नये, ते बावन्न सेकंदांत पुरे व्हावे, यासाठी खटपट करणाऱ्या माणसाला रांगेत ओठ मिटून उभा असलेला एखादा मुलगा दिसला की काय वाटते, हे मी अनुभवाने सांगू शकतो. संताप येतो. पुष्कळ वर्षांपूर्वी अशाच एका मुलाला मी सगळ्यांदेखत पुढे बोलावून जाब विचारला होता. त्याने उत्तर दिले नाही. मानही खाली घातली नाही. त्या दिवशी शिस्त राखली असे मला वाटले होते. आज तसे वाटत नाही.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात मायनर्सव्हिल नावाचे कोळशाच्या खाणींचे एक लहान गाव आहे. १९३५ साली तेथील शाळेतून बारा वर्षांची एक मुलगी आणि तिचा दहा वर्षांचा भाऊ यांना काढून टाकण्यात आले. अपराध एवढाच, की रोज सकाळी निशाणाला वंदन करून एकनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणावयाची असे, ती म्हणण्यास त्यांनी नकार दिला. ही मुले ‘यहोवाचे साक्षीदार’ या लहानशा ख्रिस्ती पंथातली. देवाखेरीज कशालाही वंदन करणे म्हणजे मूर्तिपूजा, अशी त्यांची श्रद्धा. त्या काळी अमेरिकेत निशाणाला वंदन करताना उजवा हात समोर लांब पसरीत. आणि त्याच काळात जर्मनीत हिटलरला तसाच हात करण्यास नकार दिला म्हणून याच पंथाची माणसे तुरुंगांत आणि छळछावण्यांत जात होती. दोन्हीकडच्या वंदनाचे हे साम्य पुढे अमेरिकनांनाही खुपू लागले आणि १९४२ च्या डिसेंबरात तेथील काँग्रेसने हात पसरण्याऐवजी तो छातीवर ठेवण्याची पद्धत घालून दिली.

मुलांचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि जून १९४० मध्ये मुले हरली. आठ न्यायाधीश विरुद्ध, एकटे हार्लन स्टोन त्यांच्या बाजूने. बहुमताचा निर्णय फेलिक्स फ्रँकफर्टर यांनी लिहिला. हे गृहस्थ व्हिएन्नात जन्मलेले ज्यू. नागरिक-स्वातंत्र्याचे कैवारी म्हणून त्यांची ख्याती. त्यांचे म्हणणे असे, की राष्ट्राची एकता ही राष्ट्राच्या सुरक्षिततेचा पाया आहे. ती शाळेत कशी रुजवावी हे लोकांनी निवडलेल्या मंडळांनी ठरवावे. ती चुकत असतील तर लोकमत वळवावे, न्यायालयाने शाळाखाते होऊ नये.

युक्तिवाद तोलामोलाचा होता. पण त्याचा परिणाम काय झाला, तेही पाहिले पाहिजे. न्यायालयानेच या लोकांना देशद्रोही ठरवले, असा अर्थ गावोगावच्या जमावांनी घेतला. पंथाच्या माणसांना मारहाण झाली, गावांतून हुसकावले गेले. मेन राज्यातील केनेबंक येथे त्यांचे सभागृह पेटवण्यात आले. मुलांना शाळेतून काढण्याचे प्रकारही वाढले. निर्णयात सामील झालेल्या तीन न्यायाधीशांनी १९४२ साली दुसऱ्या एका खटल्याच्या निमित्ताने उघडपणे लिहिले, की आमचे चुकले.

त्याच वर्षी वेस्ट व्हर्जिनियाच्या राज्य शिक्षणमंडळाने वंदन सक्तीचे केले. नकार देणाऱ्या मुलाला शाळेतून काढावयाचे आणि घरी बसला म्हणून त्यालाच अनाचारी ठरवावयाचे. पालकाला पन्नास डॉलरपर्यंत दंड आणि तीस दिवसांपर्यंत कैद. यावरचा बार्नेट खटला १४ जून १९४३ रोजी निकालात निघाला. तो दिवस अमेरिकेचा निशाणदिन होता, आणि महायुद्ध ऐन भरात होते. अशा वेळी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी सांगितले, की ही सक्ती घटनेला मान्य नाही. तीन वर्षांपूर्वीचा आपलाच निर्णय त्याने रद्द केला. निकालपत्र रॉबर्ट जॅक्सन यांचे. पुढे न्यूरेंबर्ग येथे नाझी पुढाऱ्यांवर खटला चालवणारे तेच. त्यांच्या निकालाचे सार असे : काही गोष्टी मतमोजणीच्या कक्षेबाहेर ठेवण्यासाठीच हक्कांची सनद असते, आणि राजकारणात, धर्मात किंवा देशप्रेमात कोणते मत खरे मानावे व ते तोंडाने बोलून दाखवावे, हे ठरवण्याचा अधिकार लहानमोठ्या कोणत्याच अधिकाऱ्याला नाही.

हे कसे शक्य झाले, हे समजण्यासाठी त्या राज्ययंत्राची घडण थोडी पाहावी लागते. अमेरिकेची घटना १७८७ साली फिलाडेल्फिया येथे लिहिली गेली. मूळ कलमे अवघी सात. पहिले काँग्रेसविषयी, दुसरे राष्ट्राध्यक्षाविषयी, तिसरे न्यायसंस्थेविषयी. काँग्रेसने कायदा करावा. राष्ट्राध्यक्षाला तो नाकारता यावा. पण दोन्ही सभागृहांनी दोनतृतीयांश मतांनी पुन्हा उचलून धरला तर तो त्याच्या नकारावरही व्हावा. न्यायाधीशांना राष्ट्राध्यक्षाने सिनेटच्या संमतीने नेमावे. पण एकदा नेमल्यावर त्यांना मर्जीनुसार काढता येऊ नये आणि त्यांचे वेतन घटवता येऊ नये. १८०३ सालापासून, घटनेविरुद्ध जाणारा कायदा रद्दबातल ठरवण्याचा अधिकारही न्यायालय बजावीत आले आहे. प्रत्येक खांद्यावर दुसऱ्याचा हात, अशी ही रचना.

या सात कलमांत नागरिकांच्या हक्कांची यादी मात्र नव्हती. लोकांनी कुरकुर केली, म्हणून १७९१ साली पहिल्या दहा दुरुस्त्या आल्या. पहिलीचा रोख लक्षात घेण्याजोगा आहे. तिथे ‘सरकार प्रजेला धर्मस्वातंत्र्य देत आहे’ अशी भाषा नाही. धर्माचरणाला मनाई करणारा किंवा बोलण्याचे स्वातंत्र्य हिरावणारा कायदा काँग्रेसने करावयाचा नाही, असा उलट तिच्यावरच बंध आहे. आरंभी तो केवळ मध्यवर्ती सरकारपुरता होता. यादवी युद्धानंतर १८६८ साली आलेल्या चौदाव्या दुरुस्तीच्या आधाराने न्यायालयांनी तो पुढे राज्यांनाही लागू केला. म्हणूनच वेस्ट व्हर्जिनियाचे शिक्षणमंडळ त्याच्या कक्षेत आले.

देणगी आणि हक्क यांतला हा फरक आपल्या बडोद्यातील जुन्या घरांना तरी उलगडून सांगावा लागू नये. आमच्या घरची चूल कलावंत कारखान्याच्या नेमणुकीवर पेटत असे. श्रीमंत सयाजीराव महाराजांसारखा गुणग्राही धनी लाभला हे त्या पिढ्यांचे भाग्य, आणि ते आम्ही विसरलेलो नाही. पण नेमणूक ही नेमणूक. हुजूरहुकुमाने मिळे आणि हुजूरहुकुमाने बंदही होऊ शके. भीमराव आंबेडकर १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते महाराजांच्याच शिष्यवृत्तीवर. तेच विद्वान परत येऊन १९१७ साली संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा या शहरात त्यांना राहावयास खोली मिळेना, हेही आपणां सर्वांस ठाऊक आहे. इतक्या मोठ्या राजाची कृपासुद्धा एका उताऱ्याच्या उंबरठ्याआत पोचली नाही. घटना घडवण्याची वेळ आली तेव्हा आंबेडकरांनी ज्या कलमाला घटनेचा आत्मा म्हटले ते बत्तिसावे, हक्कभंग झाल्यास थेट सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे कलम. कृपा आणि हक्क यांतले अंतर त्यांनी याच शहराच्या रस्त्यांवर मोजले होते.

अमेरिकेचे यंत्र निर्दोष आहे असे मात्र कोणी समजू नये. हीच घटना गुलामगिरी पोटात घेऊन जन्मली. ती नष्ट करावयास यादवी युद्ध आणि १८६५ ची तेरावी दुरुस्ती लागली. बार्नेट निकालाला जेमतेम दीड वर्ष झाले होते, तेव्हा १८ डिसेंबर १९४४ रोजी त्याच सर्वोच्च न्यायालयाने जपानी वंशाच्या लोकांना पश्चिम किनाऱ्यावरून हलवण्याचा हुकूम सहा विरुद्ध तीन मतांनी वैध ठरवला. सुमारे एक लाख वीस हजार माणसे घरे सोडून छावण्यांत गेली. त्यांतील बहुसंख्य जन्माने अमेरिकन नागरिक होती. जॅक्सन विरोधात होते, पण अल्पमतात. सरकारने रीतसर क्षमा मागून भरपाई देऊ केली ती १९८८ साली, आणि न्यायालयाने त्या निर्णयाचा धिक्कार केला तो २०१८ साली. तंबोरा उत्तम लाकडाचा असला तरी रोज जुळवावा लागतो, घटनेचेही तसेच. लावणारा कान बहिरा झाला की उत्तम तंबोराही बेसूरच वाजतो.

फ्रँकफर्टर यांचा आक्षेप तरीही उरतोच. बार्नेट खटल्यातही ते विरोधात राहिले आणि पुन्हा तेच म्हणाले, की न निवडलेल्या नऊ माणसांनी निवडलेल्यांवर मात का करावी? मला वाटते, कर किती घ्यावा, रस्ता कोठून न्यावा, शाळेत कोणते विषय शिकवावेत, हे मतांनीच ठरावे. पण एखाद्या मुलाने मनात नसलेले तोंडाने म्हणावे की नाही, हा मतांचा विषयच नव्हे. बहुमताला ज्याचा राग येत नाही, त्याच्या रक्षणासाठी घटना कशाला हवी?

हा प्रश्न आपल्या देशातही आला. केरळात १९८५ साली याच पंथातील तीन भावंडे, दहावी, नववी आणि पाचवीतली, शाळेतून काढली गेली. राष्ट्रगीत चालू असताना ती आदराने उभी राहत, पण गात नसत. मुलांनी अनादर केलेला नाही, असा चौकशी समितीचा अहवाल होता. तरी त्यांना काढले. ११ ऑगस्ट १९८६ रोजी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मुलांच्या बाजूने निकाल दिला. राष्ट्रगीत गायलाच हवे असे सांगणारा कायदा नाही, उभे राहण्यात आदर आहे, आणि त्यांना काढणे हा त्यांच्या भाषणाच्या व श्रद्धेच्या स्वातंत्र्याचा भंग आहे, असे न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी लिहिले. त्या निकालपत्रात बार्नेट खटल्याचा विचार केलेला आहे. वेस्ट व्हर्जिनियातल्या मुलांचा नकार त्रेचाळीस वर्षांनी केरळातल्या मुलांच्या कामी आला.

कोणी म्हणेल, गाण्याचा मास्तरच मुलांना न गाण्याची मुभा देऊ लागला, तर व्हायचे कसे? माझे उत्तर माझ्या धंद्यातले आहे. दटावून काढलेला सूर आणि आतून आलेला सूर यांतला भेद नवख्या कानालाही कळतो. राष्ट्रगीताची चाल मी आजही तितक्याच काटेकोरपणे शिकवतो, आणि जन्मभर शिकवीन. ते गाताना माझ्या अंगावर आजही काटा येतो. पण रांगेत कोणी गप्प उभे असले तर त्याला पुढे बोलावीत नाही, आणि दुसऱ्या कोणाला बोलावू देत नाही. आपल्या घरांतील जी मंडळी शिक्षक आहेत, शाळांच्या समित्यांवर आहेत, त्यांनीही एवढे करावे, अशी विनंती आहे. त्या मुलाला मी जाब विचारला तेव्हा उत्तर देण्याचे त्याला कारणच नव्हते. उत्तर देणे माझ्याकडे होते.