मुसळ कोणाच्या हाती?

पीनट बटर नावाच्या एका निरुपद्रवी पदार्थावर आमच्याकडील कित्येक सज्जन सध्या जो राग काढीत असतात, त्याची एकदा झडती घ्यायलाच हवी. टेंभुर्णी हे पुणे-सोलापूर हमरस्त्यावरचे गाव. इथून एक वाट पंढरपूरला फुटते, दुसरी करमाळ्याकडे जाते. त्यामुळे जगात जे जे नवे निघते, ते उशिरा का होईना, आमच्या किराणा दुकानांच्या फळीवर येऊन बसतेच. तशा या बरण्याही आल्या आणि गुळाच्या ढेपेशेजारी विराजमान झाल्या. झाले! "सोलापूर जिल्ह्यात राहून, घरात शेंगाचटणी असताना, हे विलायती लोणी कशाला?" असा सवाल सुरू झाला. सवाल करणारे बहुतेक पुरुष असतात, आणि बहुतेक वेळा ते जेवायला बसलेले असतात. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याचे काम आहे.

आधी 'विलायती' या शिवीचा समाचार घेऊ. भुईमूग मूळचा दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिकेतलीच, पोर्तुगीजांची जहाजे इकडे लागण्यापूर्वी आपल्या पूर्वजांनी ती पाहिलीसुद्धा नव्हती. उरली ज्वारी. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले, मोहोळच्या केंद्रात निवडलेल्या मालदांडीने दक्खनची कित्येक पिढ्यांची पोटे भरली, हे सारे खरे. पण ज्वारीचे आजोळ आफ्रिका. तेव्हा आमच्या अस्सल सोलापुरी ताटात आफ्रिकेची भाकरी आणि अमेरिकेची चटणी सुखाने शेजारी शेजारी नांदत असतात. त्यांना घरचे करून घेतले ते इथल्या मातीने आणि इथल्या बायकांच्या हातांनी. मग बरणीतल्या दाण्यालाच तेवढा परका ठरवायचा, हा कुठला न्याय?

बरे, त्या लोण्याचा जन्म तरी काही चैनीपोटी झालेला नाही. मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसन यांनी १८८४ साली दाण्याच्या लगद्याचे पेटंट घेतले. पुढे अमेरिकेत डॉ. जॉन हार्वे केलॉग यांनी आपल्या आरोग्यधामातील शाकाहारी रोग्यांसाठी असाच पदार्थ करून १८९५ साली पेटंटसाठी अर्ज केला. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांना लोक उगाच त्याचे जनक समजतात. पण १९१६ साली त्यांनी दाण्याचे १०५ प्रकार सांगणारी पुस्तिका काढली, ती कापसाने कस गेलेल्या जमिनीतून पोट भरू पाहणाऱ्या गरीब शेतकऱ्यांसाठी. रोगी आणि गरीब यांच्यासाठी झटणाऱ्यांच्या हातून गेलेल्या पदार्थाकडे पाहून आपण नाके मुरडावी, हे शोभत नाही.

आता स्वयंपाकघरात या. शेंगदाणे मंद आचेवर खमंग भाजा, साले पाखडा आणि यंत्रात घाला. पहिल्या फेऱ्यांत भरड होते, मग कूट होते. तिथे हात आवरला तर चटणीची वाट धरता येते. न थांबता फिरवीत राहिले की कुटाचा गोळा होतो, गोळा भांड्याला चिकटतो, आपले काही तरी बिघडले असे वाटते. आणि तेवढ्यात दाणा आपले तेल सोडून चकचकीत, सैल होतो. हेच पीनट बटर! दाण्यात जवळजवळ अर्धा भाग तेलच असते, ते बाहेरून घालावे लागत नाही. म्हणजे दोघांत फरक तो कुठे थांबायचे याचा. उखळातल्या चटणीला तेल सुटले, मुठीत दाबल्यावर बोटांना लागले, की आपण तिला उत्तम म्हणतो. बरणीत मात्र तेच तेल वर तरंगले तर गिऱ्हाईक 'खराब झाले' म्हणून परत करते! त्याचसाठी १९२२ साली जोसेफ रोझफील्ड यांनी त्यात थोडे घट्ट केलेले तेल मिसळण्याची युक्ती काढली. मला विचाराल तर तेल तरंगणारी बरणीच घ्यावी आणि चमच्याने ढवळावी.

प्रथिनांचा जप करीत महागडी बरणी घेणाऱ्या आणि भाकरीवरच्या चटणीला 'गावठी' म्हणणाऱ्या तरुणांविषयी फार लिहीत नाही. शंभर ग्रॅम दाण्यात सुमारे पंचवीस ग्रॅम प्रथिने असतात, मग ते मुसळाखाली जावोत की यंत्रात. इतके सांगून त्यांना सोडून देतो.

माझे भांडण आहे ते चटणीच्या कैवाऱ्यांशी. थंडी पडली की यांच्या रसनेला बहर येतो. सकाळी भाकरीबरोबर शेंगाचटणी हवी. दुपारी लसणाच्या फोडणीचा, कूट घालून रटरटलेला म्हाद्या हवा. पौषात रानात हुरडा भाजायचा, तर त्याच्याशी चटणी हवीच. भोगीला बाजरीची भाकरी अन् खेंगट, संक्रांतीला शेंगाची पोळी. पदार्थ सगळे गोड-तिखट, ऊब देणारे. मीही त्यांचा भक्त आहे. पण या यादीत एक क्रियापद लपलेले असते, ते कोणी उच्चारीत नाही. भाजणे, सोलणे, पाखडणे, निवडणे, कुटणे: कर्ता कोण? काळपट, बुरसट दाणा वेचून फेकणारी आजी काय करीत होती, हे जगाला १९६० साली कळले, जेव्हा इंग्लंडात बुरशी लागलेल्या शेंगदाण्याच्या पेंडीने लाखावर टर्की पक्षी मेले. त्या वेचण्याला आपण कधी विद्या म्हटले नाही. बायकांचा रिकामा वेळ म्हटले.

आणि "आईच्या हातची चव" म्हणून डोळे ओले करणाऱ्यांनी त्या हाताकडे एकदा पाहावे. अर्धा किलो दाणे कुटताना खांदा भरून येतो, तिखटाने बोटांची आग होते. हे दुखणे चवीत येत नाही म्हणून खाणाराला कळत नाही. मुलाला शाळेत पाठवण्याच्या घाईत एखाद्या सुनेने पोळीवर बरणीतले लोणी फासले, तर तिने संस्कृती बुडवली म्हणे! आणि संस्कृतीचा हा रखवालदार आपल्या रानात काय लावतो? उजनीच्या पाण्यावर ऊस. शेंगा तो बाजारातून आणतो.

कोणी म्हणेल, यंत्राच्या चटणीला उखळाची चव नाही. कबूल. यंत्राचे पाते दाणा कापते, मुसळ तो चेचते; चेचलेल्या दाण्यात लसूण, जिरे आणि तिखट मुरते, कापलेल्यात ते नुसते मिसळते. फरक खरा आहे आणि तो राखण्याजोगा आहे. म्हणून तर म्हणतो, की ज्याला तो फरक कळतो त्यानेच तो राखावा. ज्याला उखळाशी बसायचे नाही त्याने बचत गटाच्या बायकांची कुटलेली चटणी विकत आणावी, आणि ती घासाघीस न करता. दोन्ही जमत नसेल त्याने घरात जे पुढ्यात येईल ते, बरणीतले का असेना, मुकाट्याने खावे.

खरिपाच्या नव्या शेंगा आता बाजारात आल्याच आहेत. पाडव्याला ओवाळून घेतल्यावर पाकीट काढण्याआधी मंडळींनी उखळ धुऊन उन्हात वाळवावे. दाणे आदल्या रात्रीच निवडून ठेवावेत. मीठ, जिरे आणि लसूण आधी कुटावा, मग दाणे थोडे थोडे घालावेत, तिखट शेवटी. मुसळ फार उंच उचलू नये, दाणे अंगणभर उडतात. आणि उडालेले दाणे वेचायला कोणाला हाक मारू नये.