बहिरे कोण?

१० डिसेंबर २०१३ रोजी जोहान्सबर्गच्या क्रीडांगणावर नेल्सन मंडेला यांना श्रद्धांजली वाहण्यासाठी जगभरातील राष्ट्रप्रमुख जमले होते. व्यासपीठावर वक्त्यांच्या शेजारी एक गृहस्थ हातवारे करीत उभे होते. कर्णबधिरांसाठी भाषणांचा अनुवाद चालला आहे, अशी सर्वांची समजूत होती. प्रत्यक्षात त्या हातवाऱ्यांना कसलाही अर्थ नव्हता. दूरचित्रवाणीसमोर बसलेल्या कर्णबधिरांच्या ते तत्काळ ध्यानात आले. व्यासपीठावर मात्र त्यांना कोणी थांबवले नाही. समतेचा जयघोष चालू असताना ज्यांच्यासाठी ही सोय केली होती, त्यांच्याच पदरी काही पडले नाही.

हा केवळ एका दिवसाचा गोंधळ नव्हे. राष्ट्रनेते आणि कर्णबधिर यांच्या संबंधांचा इतिहास बहुतांशी असाच आहे. नेत्यांना त्यांच्याविषयी कणव दाखवायची असते, त्यांचे म्हणणे समजून घ्यायचे नसते.

अब्राहम लिंकन यांनी एप्रिल १८६४ मध्ये, यादवी युद्धाच्या धामधुमीत, वॉशिंग्टनच्या कर्णबधिर संस्थेला महाविद्यालयीन पदव्या देण्याचा अधिकार देणाऱ्या विधेयकावर स्वाक्षरी केली. हे कार्य मोठे होते, यात शंका नाही. पण पुढे गॅलोडेट या नावाने प्रसिद्ध झालेल्या त्या विद्यापीठाच्या प्रमुखपदी सव्वाशे वर्षांत एकही कर्णबधिर व्यक्ती बसू शकली नाही. मार्च १९८८ मध्ये विश्वस्तांनी पुन्हा एका ऐकू येणाऱ्या व्यक्तीची निवड केली, तेव्हा विद्यार्थ्यांनी विद्यापीठाची फाटके बंद केली. आठवडाभराच्या लढ्यानंतर विश्वस्त नमले आणि किंग जॉर्डन हे पहिले कर्णबधिर अध्यक्ष झाले. लिंकन यांच्या स्वाक्षरीने जे दिले नाही, ते संघटित विद्यार्थ्यांनी मिळवले.

सत्ता निर्दय झाली की कणवेचा बुरखाही गळून पडतो. जुलै १९३३ मध्ये हिटलरच्या राजवटीने सक्तीच्या नसबंदीचा कायदा केला. त्यात आनुवंशिक बहिरेपणाचा स्पष्ट समावेश होता. सुमारे सतरा हजार कर्णबधिरांवर ही शस्त्रक्रिया लादली गेली. बहिऱ्यांच्या शाळांतील काही शिक्षकांनीच आपल्या विद्यार्थ्यांची नावे सरकारला कळवली होती.

परंतु हे फॅसिस्टांचे पाप म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. समाजवादाचे नाव घेणाऱ्या स्टालिनच्या राजवटीने १९३७ साली लेनिनग्राडमधील कर्णबधिरांच्या संघटनेतील पन्नासांहून अधिक जणांना बनावट कटाच्या आरोपाखाली अटक केली आणि त्यांपैकी तीसहून अधिक जणांना गोळ्या घातल्या. १९५० साली भाषाशास्त्रावर लिहिताना त्याच स्टालिनने मूकबधिरांना भाषाहीन आणि अपवादात्मक ठरवून प्रश्न बाजूला सारला. ज्यांना स्वतःची समृद्ध भाषा आहे, त्यांना भाषाहीन म्हणण्याचा अधिकार याला कोणी दिला?

हेलन केलर यांचे उदाहरण तर आणखी बोलके आहे. दृष्टी आणि श्रवण दोन्ही गमावलेल्या या विदुषी १९०९ साली अमेरिकेच्या समाजवादी पक्षात दाखल झाल्या. अंधत्वाच्या मुळाशी अनेकदा दारिद्र्य आणि कारखान्यांतील अमानुष परिस्थिती असते, हे त्यांनी निर्भीडपणे सांगितले. अमेरिकेच्या अध्यक्षांनी त्यांना भेटीस बोलावले, १९६४ साली सर्वोच्च नागरी सन्मानही दिला. १९५५ साली त्या भारतात आल्या तेव्हा पंडित नेहरूंनी त्यांची भेट घेतली. जगाने त्यांच्या धैर्याची आरती केली आणि त्यांचा समाजवाद मात्र पाठ्यपुस्तकांतून अलगद वगळला.

आता आपल्या अंगणात पाहू. मोर्च्यात आपण सर्रास ‘बहिऱ्या सरकारचा निषेध’ अशी घोषणा देतो. साथींनो, हे सरकारवर नव्हे, कर्णबधिरांवर अन्याय करणे आहे. कर्णबधिर माणूस डोळ्यांनी ऐकतो आणि समजून घेण्यासाठी धडपडतो. सरकारला सारे ऐकू येते आणि तरी ते दुर्लक्ष करते. या दोघांना एका शब्दात कसे बसवता?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे पन्नास लाख लोकांना श्रवणदोष असल्याची नोंद झाली. राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत बावीस भाषा आहेत. खुणांची भाषा त्यांत नाही. दक्षिण आफ्रिकेने २०२३ साली आपल्या खुणांच्या भाषेला बारावी अधिकृत भाषा म्हणून मान्यता दिली. ज्या देशात ती विटंबना घडली, त्याच देशाने हे पाऊल उचलले. आपण अद्याप कशाची वाट पाहात आहोत?

मातृभाषेत राज्यकारभार चालावा म्हणून संयुक्त महाराष्ट्रासाठी १०५ हुतात्म्यांनी प्राण दिले. ज्या चळवळीचा आपण अभिमानाने वारसा सांगतो, तिचे तत्त्व कानांपुरते मर्यादित नव्हते. भाषा हा जर हक्क असेल, तर तो हातांनी बोलणाऱ्यांचाही आहे.

म्हणून आपल्या पक्षाने प्रथम स्वतःपासून सुरुवात करावी. प्रत्येक अधिवेशनात प्रशिक्षित दुभाषी असावा. आणि तो खरोखर अनुवाद करतो की नाही, याचा निवाडा कर्णबधिर साथींनीच करावा. त्यांच्यापैकी प्रतिनिधी व्यासपीठावर बसावेत, दर्शनासाठी नव्हे तर ठराव मांडण्यासाठी. खुणांच्या भाषेच्या घटनात्मक मान्यतेची मागणी आपल्या कार्यक्रमात यावी. आणि घोषणेतील तो शब्द आजच टाकून द्यावा. नेत्यांच्या कृपेची वाट पाहणाऱ्यांना इतिहासाने फारसे काही दिलेले नाही. फाटके बंद करणाऱ्यांनाच दिले आहे.