विजेची बस आणि ठेकेदाराचा चालक

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्याला देशातील पहिली विजेची रेल्वेगाडी धावली. आज जवळजवळ सारे ब्रॉडगेज मार्ग विजेखाली आले आहेत. हे होत असताना डिझेलच्या ड्रायव्हरांना खात्याच्याच प्रशिक्षण केंद्रात शिकवून विजेच्या इंजिनावर घेण्यात आले. वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्यात आता विजेची इंजिने बनतात. २०२० साली कारखान्याचे नावही बदलले.

त्याच कुर्ल्यात ९ डिसेंबर २०२४ रोजी बेस्टच्या सेवेतील, भाड्याने घेतलेली विजेची बस गर्दीत घुसली आणि माणसे हकनाक प्राणास मुकली. चालकाचा दोष किती, ते न्यायालय ठरवील. परंतु बस ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा आणि नाव तेवढे उपक्रमाचे, अशा कारभारात नव्या गाडीचे प्रशिक्षण कोणी व किती दिवस द्यायचे, याचा जाब आम्ही कोणाला विचारायचा?

केंद्र सरकारने ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर केलेल्या पीएम ई-बस सेवा योजनेतील १०,००० बसगाड्याही खाजगी भागीदारीतूनच चालवायच्या आहेत. ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला दर मिळतो. निविदेत दर पाडला की पहिली कात्री कोणाच्या पगाराला लागते, हे कंत्राटी कामगारांबरोबर काम करणाऱ्या आमच्या रेल्वे व पोस्टातील बंधूंना सांगायला नको.

कामगार संघटना विजेच्या गाड्यांच्या विरोधात आहेत, असा कांगावा केला जातो. डिझेलचा धूर सर्वांत आधी डेपोतल्या कामगाराच्याच छातीत जातो! रात्रपाळी संपवून निघालेला आर.एम.एस.चा सॉर्टर बसनेच घरी जातो. त्याला बस हवी आहे, वेळेवर हवी आहे. खाजगी मोटारी विजेच्या केल्याने त्याचे काय भले होणार? मोटार विजेची झाली तरी रस्ता तेवढाच अडवते. मालवाहतुकीचेही तेच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातील बहुतांश माल रेल्वेने जाई; आज तो वाटा एक तृतीयांशाहूनही कमी आहे. तारा ओढून झाल्या, पण माल ट्रकवरच राहिला.

म्हणून सरकारी पैशातून येणारी प्रत्येक बस सार्वजनिक उपक्रमाच्या मालकीची असावी, तिचे चालक-वाहक कायम सेवेत असावेत आणि नवी गाडी हाती देण्यापूर्वी उपक्रमानेच त्यांना पगारी प्रशिक्षण द्यावे, अशी आमची मागणी आहे. शाखांनी येत्या सभेत तसा ठराव करावा आणि आपापल्या शहरातील बस कामगारांच्या संघटनेलाही त्या सभेचे निमंत्रण द्यावे.