उंबऱ्याच्या आतील ठेच
उतारवयात पाऊल पुरेसे उचलले जात नाही. वर आलेल्या फरशीची अर्ध्या इंचाची कडही ठेच लागण्यास पुरते आणि खुब्याचे हाड मोडले की चालते माणूस अंथरुणाला खिळते.

भोकरदन तालुक्यातील केदारखेड्याच्या परिसरात काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरची फरशी कुठे उचलते, कुठे खचते. वरून सिमेंट थापून हा दोष जात नाही. फरशी काढून खालची काळी माती उपसावी, मुरूम थराथराने पाणी मारून धुमसाने ठोकावा, मगच फरशी बसवावी. पागोळ्यांचे पाणी जोत्यापासून दूर वळवावे.

काम होईपर्यंत मात्र त्या कडेवर आजच पिवळ्या रंगाचा ठळक पट्टा ओढावा. रात्री शौचालयाच्या वाटेवर दिवा चालू ठेवावा.