परदेशची पाल आणि घरची माती

पाल चुकचुकली की ‘सत्य आहे’ म्हणायचे आणि अंगावर पडली की आंघोळ करायची, एवढाच आपला तिच्याशी संबंध. शहरांतून लोक आता दाम मोजून परदेशी पाली काचेच्या पेटीत पाळतात, हे ऐकून आमची रत्नागिरी कपाळाला हात लावील. परंतु त्या पेटीत शिकण्यासारखे बरेच आहे.

हौशी माणूस पेटीत प्लास्टिकची पाने आणि रंगीत खडे मांडतो. पेटी झकास दिसते, पण घाण जिथल्या तिथे राहते. जाणता माणूस तळाशी खडे, त्यावर जाळी, मग भुसभुशीत माती आणि वर वाळका पाचोळा घालतो, नेचे लावतो. मातीत बोट लागताच गोळी होणारे बारीक किडे सोडतो. ते विष्ठा आणि बुरशी खातात. उरलेसुरले झाडे घेतात. आपल्या सुपारीच्या आगरात पाचोळ्याखाली हेच चाललेले असते! माती मात्र प्राणी पाहून निवडायची. न्यू कॅलेडोनियाच्या रानातल्या पालीला ओलावा हवा, तर कोरड्या, खडकाळ मुलखातल्या लेपर्ड गेकोला तोच बाधतो.

सरपटणाऱ्या जिवाला ऊब बाहेरूनच घ्यावी लागते. म्हणून माती ही त्याची शोभा नव्हे, निम्मे आयुष्यच. याची साक्ष आमच्याच जिल्ह्यात मंडणगड तालुक्यातल्या वेळासला मिळते. तेथे २००२ पासून चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ संस्थेने गावकऱ्यांच्या साथीने ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात आणून पुरतात ती त्याच किनाऱ्याच्या वाळूत, मादीने खणला होता तसाच सुमारे दीड फूट खोल खड्डा करून. पन्नासेक दिवसांनी पिल्ले वर येतात. वाळू अधिक तापली तर माद्या जास्त, थंड राहिली तर नर जास्त. मुलगा की मुलगी, हे तिथे ज्योतिषी नव्हे, वाळू सांगते!

आपल्याकडची कासवे, घोरपडी घरी पाळायला १९७२ च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे. २०२२ च्या दुरुस्तीने अनेक परदेशी प्राण्यांचीही नोंदणी आवश्यक केली आहे. तेव्हा दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नका. मुलांनी हट्टच धरला, तर आधी नुसती पेटी, माती आणि झाडे आणा. दोन महिने मुलांनी ती जगवली तर पुढचे बोलू. झाडे वाळली, तर एक पाल वाचली म्हणायची!