गिरणी दळती ठेवायची की नुसती दाखवायची?



परवा ज्वारीचं दळण घेऊन गिरणीत गेलो तर पट्टा उतरवलेला, दगड उघडा, अन् गिरणीवाले तात्या खाली बसून दगडाला टाकी लावत होते. तीन-चार डबे आधीच रांगेला. म्हणलं, "तात्या, किती वेळ?" तर म्हणे, "तासभर तरी. दोन दिवस झाले, पीठ जळतंय. बाया शिव्या घालायला लागल्या, भाकरी चिरती म्हणून." मग बसलो तिथंच पोत्यावर.

टाकी लावणं म्हणजे काय ते नव्या पोरांसाठी सांगतो. दळून दळून दगड गुळगुळीत होतो. मग तो दाणा कापत नाही, नुसता रगडतो. पीठ तापतं, त्याची विरी जाते. म्हणून पोलादी टाकीनं दगडावर पुन्हा खाचा पाडायच्या. किती खोल पाडायच्या, कोणत्या कोनात, हे पुस्तकात वाचून हाताला येत नाही. पूर्वी जात्याला टाकी लावणारे गावोगाव हिंडायचे, आता ते दिसत नाहीत. तात्यांच्या पोराला विचारलं तर तो म्हणाला, "पल्वरायझर घेऊ ना, दगडाची कटकटच नको." त्याचंही चूक नाही. त्याला धंदा करायचाय.

तिथं बसल्या बसल्या मला इंग्लंडातल्या एका पाणचक्कीची आठवण झाली. लॉकडाऊनमध्ये तिची बातमी वाचली होती. तेव्हा आपला बाजार बंद, माल शेतात पडून, त्यामुळं हातात मोबाईल अन् वेळ दोन्ही होतं. तेव्हापासून त्या गिरणीचं जे सापडेल ते वाचतो, बघतो.

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगणा आहे. तिथं स्टूर नदीच्या काठावर स्टर्मिन्स्टर न्यूटन नावाचं छोटं गाव. 1086 साली इंग्लंडात डूम्सडे बुक नावाची महसुली मोजणी झाली, आपल्या सातबाऱ्याची आजीच म्हणा. त्यात या गावच्या गिरण्यांची नोंद आहे. धंदा म्हणून दळणं 1970 च्या सुमारास थांबलं. आता गावातल्याच लोकांचा वारसा ट्रस्ट ती गिरणी चालवतो. तिथं काम करणारे स्वयंसेवक आहेत. एरवी महिन्यातून एक-दोन दिवस, बघायला येणाऱ्यांसाठी ते दळतात. अख्ख्या हंगामात टनभर गहू.

2020 च्या एप्रिलात तिकडं दुकानांतलं पीठ संपलं. देशात गहू होता, मोठ्या गिरण्याही चालू होत्या. पण तिथं शंभर किलो पिठातलं जेमतेम चार किलो दुकानात पिशवीतून विकलं जातं. बाकीचं बेकऱ्या अन् कारखान्यांना टँकरनं नाहीतर मोठ्या पोत्यांनी जातं. लोक घरी बसले, सगळ्यांनी पाव भाजायला घेतला, अन् छोटी पिशवीच मिळेना. मग गावातले दुकानदार या गिरणीकडं आले. वर्षभराला पुरणारा तो टनभर गहू दोन-तीन आठवड्यांत दळून संपला, अन् ट्रस्टची माणसं आणखी गहू शोधायला लागली. पन्नास वर्षांनी त्या गिरणीनं परत गावाला पीठ घातलं.

आता लगेच भारावून जाऊ नका. टन म्हणजे दहा क्विंटल. आपला बागायती एकर त्याच्यापेक्षा जास्त देतो. त्या गिरणीनं देश जगवला असं कुणी म्हणत असेल तर ती बातमीवाल्यांची हौस. मला वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटली. गरज पडली त्या दिवशी त्यांना काही दुरुस्त करावं लागलं नाही. दगडाला टाकी लावलेली होती. पाण्याचं दार उघडत होतं. दळणारी माणसं होती, अन् त्यांचा हात चालू होता. महिन्यातून दोनच दिवस का होईना, गिरणी दळती होती.

पाणचक्कीला काय काय लागतं ते बघा. तिची ताकद म्हणजे वरच्या अन् खालच्या पाण्यातला फरक. पूर आला की खालचं पाणी चढतं, फरक मोडतो अन् गिरणी बसते. पाणी मायंदळ, पण दळण बंद. एरवी पाण्याच्या तोंडाशी जाळी असते, तिच्यावर फांद्या, पाला, शेवाळ अडकतं. ते कुणीतरी गारठ्यात उभं राहून ओढायचं. तिकडच्या बऱ्याच जुन्या गिरण्यांत लोखंडी चाकाला लाकडाचे दात बसवलेले असतात, सफरचंदाच्या नाहीतर तसल्याच चिवट लाकडाचे. काही अडकलं तर लाकडाचा दात मोडावा, लोखंडाचं चाक वाचावं, हा हिशोब. दात मोडला की नवा तासून बसवायचा. वर पाभरीच्या चाड्यासारखं चाडं असतं, अन् एक दांडी टकटक करत त्यातून दाणे खाली सोडते. तिला तिकडं डॅमसेल म्हणतात, म्हणजे पोरगी. का, तर गिरणी चालू आहे तोवर तिचं तोंड बंद होत नाही! (हे मी घरात सांगितलं, ती चूक झाली.)

स्टर्मिन्स्टरची आणखी एक गोष्ट मला पटली. तिथली जुनी दोन पाणचाकं 1904 साली काढून टर्बाईन बसवलं होतं. ट्रस्टनं ते टर्बाईनच जपलंय. बघायला येणाऱ्यांना मोठं लाकडी चाक आवडलं असतं, फोटोही झकास आला असता. पण गिरणी ज्यावर चालत आली तेच ठेवायचं, हा विचार मला शेतकऱ्याचा वाटतो.

नेदरलँड्समध्ये तर लोक यापुढं गेलेत. 1972 साली तिथं हौशी गिरणीवाल्यांचा संघ निघाला. नुसती इमारत राखून भागत नाही, चालवणारा माणूस तयार करावा लागतो, हे त्यांनी ओळखलं. शिकणाऱ्यानं अनुभवी माणसाच्या हाताखाली गिरणीवर निदान दीडशे तास काढायचे, मग परीक्षा. 2017 साली युनेस्कोनं अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली ती पवनचक्की-पाणचक्की चालवण्याची त्यांची कला. मान हाताच्या कसबाला मिळाला, भिंतींना नाही.

आता आपल्याकडं या. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की आपण सगळ्यांनी शाळेच्या सहलीत पाहिली. हर्सूलच्या अंगाकडून जमिनीखालच्या नळांतून आणलेलं पाणी, ते उंचावर चढवून खाली सोडलेली धार, तिच्यावर फिरणारं लोखंडी पात्यांचं चाक, अन् त्याच दांड्यावर वरचा दगड. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याशी ही चक्की जोडलेली, तिथल्या फकिरांच्या अन् विद्यार्थ्यांच्या भाकरीचं पीठ ती दळायची. विजेशिवाय, बैलाशिवाय. तीनेकशे वर्षांपूर्वीचं हे काम बघून अजून माझी मान लवते. पण तिथून पीठ घेऊन निघालेला माणूस मी कधी पाहिला नाही. आपण चाक बघतो, फोटो काढतो, बाहेर पेरू खातो अन् घरी येतो. मला वाटतं, वर्षातून चार दिवस जरी तिथं पायलीभर गहू दळला अन् त्या पिठाची पोळी पोरांच्या हातावर ठेवली, तर ती सहल पोरं जन्मभर विसरणार नाहीत. अन् दळायचं ठरलं की नळ, धार, दगड सगळं नीट ठेवावंच लागेल.

आमचे एक कृषी सहायक मित्र आहेत, त्यांना हे बोललो. ते हसले. "दादा, ही पेन्शनवाल्यांची हौस. आपल्याकडं कुणाला वेळ आहे?" बोलणं खोटं नाही. तिकडं स्वयंसेवक म्हणजे बहुतेक निवृत्त माणसं, पोटाची चिंता मिटलेली. आपल्याकडं फुकटचं काम म्हणलं की तेच चार जण येतात, अन् दोन वर्षांत त्यांचाही जीव उबगतो. नुसत्या सेवाभावावर काही टिकत नाही, हे मलाही मान्य. ती गिरणीसुद्धा तिकीट लावते अन् पीठ विकते. ग्रीसचा डबा भावनेवर येत नाही.

पण वेळ नाही म्हणणाऱ्यांना, अन् त्यात पहिला मी, आपल्या कोल्हापुरी बंधाऱ्याची आठवण देतो. गेल्या साली काय झालं? परतीचा पाऊस गेला, ओढा झुळझुळ वाहत होता, अन् बरगे घालायचे राहून गेले. मला वाटलं वरच्या वस्तीवाले घालतील. त्यांना वाटलं आम्ही घालू. तीन आठवडे पाणी डोळ्यादेखत गेलं. मग घातले, तर सात-आठ बरगे गंजून वाकलेले, रबर गायब, फटीतून धारा. जानेवारीअखेर डोह आटला. माझ्या गव्हाला दाणा भरायच्या वेळचं पाणी मिळालं नाही, दाणा बारीक राहिला. खालच्या दोघांनी तर उभा हरभरा सोडून दिला. यात सरकारचा काय दोष? बंधारा बांधला तेव्हा नारळ फुटला, फोटो निघाले, पेढे वाटले. बरगे घालायला नारळ नसतो, म्हणून कुणी येत नाही.

अन् हे आपल्या रक्तात नाही असंही नाही. धुळ्या-नाशकाकडं पांझरा, मोसमच्या खोऱ्यात फड पद्धत होती, काही ठिकाणी अजून आहे. शेकडो वर्षं बंधारे अन् पाट शेतकऱ्यांनीच सांभाळले. पाणी द्यायला पाटकरी नेमलेला, त्याची मजुरी सगळ्यांनी मिळून द्यायची, अन् पाटाचा गाळ काढायला दरवर्षी सगळ्यांनी उतरायचं. तिथं हौस कमी अन् नियम जास्त होता. मला इंग्लंडच्या ट्रस्टपेक्षाही हा हिशोब जवळचा वाटतो. थोडं काम सगळ्यांनी करायचं अन् रोजचं काम पगारी माणसानं.

म्हणून यंदा असं ठरवलंय. रविवारी सकाळी सात वाजता बंधाऱ्यावर जमायचं. आधी बरगे मोजू, वाकलेले वेगळे काढू. ते सरळ करायला वेल्डिंगवाल्याशी बोलणं झालंय. रबराच्या पट्टीचे पैसे एकराप्रमाणे गोळा करायचे, हिशोब शाळेच्या फळ्यावर लिहून ठेवणार. दार बघायला, गळती बुजवायला पावसाळ्यापर्यंत एक माणूस नेमायचा. त्याला प्रत्येकानं सुगीत एकरी दोन पायल्या धान्य द्यायचं, असं माझं म्हणणं आहे. कमी-जास्त तिथंच बोलू. ज्यांच्याकडं पहार अन् जाड दोर आहे त्यांनी आणा. पोरांनाही आणा, बरगा खाचेत कसा उतरवायचा ते त्यांना हातानं करू द्या.

तात्यांना विचारून ठेवलंय, पुढच्या वेळी टाकी लावताना माझ्या पुतण्याला शेजारी बसवणार आहेत. पल्वरायझर आला तरी चालेल म्हणाले, "पण दगड मी विकणार नाही." ज्वारीचं पीठ मात्र त्या दिवशी असं उतरलं, भाकरीला एक चीर नव्हती.