जुन्या नकाशांचा धंदा: कॉपीला कॉपी म्हणा, मग भाव सांगा



होम डेकोरच्या व्हिडिओनंतर एक प्रश्न सारखा येतोय. "सर, कॅफेत, ऑफिसात ते जुने पिवळसर नकाशे फ्रेम करून लावतात, त्याचा धंदा चालेल का?" माझं उत्तर आहे, चालेल. पण बरेच जण त्याची सुरुवातच चुकीच्या टोकाने करतात. कुठून तरी इमेज डाउनलोड करायची, प्रिंट चहाच्या पाण्यात बुडवून पिवळी करायची आणि खाली लिहायचं, "अँटिक मॅप". याला मी धंदा म्हणत नाही. हा गिऱ्हाइकाचा विश्वास एकदाच विकून मोकळं होण्याचा प्रकार आहे.

आधी वस्तू समजून घ्या. खरा जुना कोरीव नकाशा कसा बनायचा? कारागीर तांब्याच्या पत्र्यावर टोकदार हत्याराने अख्खा नकाशा उलटा कोरायचा, आरशात दिसतो तसा. त्या खाचांत शाई भरायची, वरची शाई पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि प्रेसमधून दाबून काढायचा. रंग हवा असेल तर तो नंतर ब्रशने, हाताने. अँटवर्पच्या ऑर्टेलियसने १५७० साली असेच नकाशे एकत्र बांधून जो ग्रंथ काढला, त्याला पहिला आधुनिक अ‍ॅटलस म्हणतात.

ही पद्धत कळली की अस्सल-नक्कल ओळखायला सोपं जातं. अस्सल कागदावर चारही बाजूंनी पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो (कडा कापलेल्या असतील तर दिसत नाही). भिंगाखाली रेषा सलग दिसते. आजच्या प्रिंटमध्ये बारीक ठिपके दिसतात. मधोमध घडीची रेघ असेल तर तो नकाशा बहुधा अ‍ॅटलसमधून सुटा केलेला आहे. नुसता पिवळा रंग हा कसलाच पुरावा नाही. तो चहानेही येतो!

आता मुद्द्याचं बोलतो. नवीन माणसाने अस्सल नकाशांच्या खरेदी-विक्रीत उतरू नये. याची तीन कारणं.

पहिलं, कायदा. आपल्याकडे १९७२ चा पुरावशेष कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू त्यात येऊ शकते, आणि ऐतिहासिक दस्तऐवजांना तर ७५ वर्षांचीच अट आहे. अशा वस्तूंचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि खाजगी माणसाला त्या देशाबाहेर पाठवता येत नाहीत. म्हणजे अमेरिकेतल्या गिऱ्हाइकाला तुम्ही हौसेने पार्सल कराल आणि अडकाल.

दुसरं, भांडवल. पारख यायला वर्षं लागतात, आणि एक चुकीची खरेदी सगळी कमाई खाऊन टाकते.

तिसरं कारण पैशाच्या पलीकडचं आहे. सुटी पानं विकून जास्त पैसे मिळतात म्हणून जगभर जुने अ‍ॅटलस फाडले गेलेत. आपण त्या साखळीतली पुढची कडी कशाला व्हायचं?

मग करायचं काय? उत्तम दर्जाची कॉपी काढा आणि ती कॉपी म्हणूनच विका. लोक म्हणतात, "सर, कॉपी म्हटलं की भाव पडतो." मला हे पटत नाही. भाव पडतो तो गोष्ट सांगता येत नाही म्हणून.

उदाहरण देतो. लिन्शोटेन नावाचा डच माणूस गोव्यात आर्चबिशपच्या पदरी सेक्रेटरी होता. परत गेल्यावर १५९६ साली त्याने पुस्तक छापलं. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेली सागरी मार्गांची माहिती त्यात होती, आणि गोवा शहराचा कोरीव नकाशाही होता. सहाच वर्षांत, १६०२ मध्ये, डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. आता सांगा, पणजीतल्या होमस्टेवाल्याला नुसता "व्हिंटेज मॅप" विकणं सोपं की ही गोष्ट मराठी-कोंकणी-इंग्रजीत छापलेल्या कार्डासकट विकणं सोपं?

इमेज घेताना मात्र डोळे उघडे ठेवा. चारशे वर्षांपूर्वीच्या नकाशावर कॉपीराइट उरलेला नाही, पण त्याचं स्कॅन ज्या संग्रहाने केलं त्याच्या अटी असू शकतात. काही संग्रह व्यावसायिक वापराला मनाई करतात. प्रत्येक इमेजखालची अट वाचा, स्क्रीनशॉट काढून ठेवा. आणि जुन्या स्टाइलमध्ये आजच्या भारताचा नवा नकाशा डिझाइन करत असाल, तर सीमा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाप्रमाणेच हव्यात. चूक झाली तर कायद्यात शिक्षा आहे.

आता हिशोब. आकडे समजायला घेतलेत, तुमच्या गावचे दर तुम्ही टाका. प्रिंट २५०, माउंटसकट फ्रेम ९००, पॅकिंग-कुरिअर ३००, तुटफूट धरून १००. झाले १,५५०. हे तुम्ही १,८०० ला विकलंत तर पोर्टलचं कमिशन आणि जाहिरात गेल्यावर हातात काय उरणार? तीच प्रिंट बिनफ्रेमची, नळकांड्यात गुंडाळून पाठवली तर खर्च साधारण ३७०, आणि ९०० ला ती आरामात परवडते. म्हणून माझा सल्ला असा: बाहेरगावी फक्त प्रिंट पाठवा, फ्रेम आपल्याच शहरात विका. काच कुरिअरने पाठवणं म्हणजे नफा कुरिअरने पाठवणं.

फ्रेममध्ये काटकसर नको. अ‍ॅसिड-फ्री माउंट वापरा, प्रिंट काचेला चिकटू देऊ नका, मागे सेलोटेप लावू नका. गिऱ्हाइकाला सांगा की थेट उन्हात किंवा ओल येणाऱ्या भिंतीवर लावू नका. कोकणातल्या पावसाळ्यात बुरशी आणि कसर कोणाची गय करत नाहीत. ही चार वाक्यं कार्डावर छापलीत तर तक्रारी कमी होतील.

आणि प्रत्येक फ्रेमच्या मागे स्पष्ट लेबल लावा: मूळ नकाशा कोणाचा, कोणत्या साली, ही प्रिंट कोणी आणि कधी काढली. उद्या तीच फ्रेम दुसऱ्याच्या हातात गेली तरी तुमच्या नावावर कोणी फसणार नाही. परदेशातून मोठी ऑर्डर आली, तर वस्तू पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून मिळतं, त्याची चौकशी आधीच करून ठेवा.

या आठवड्याचं काम: तुमच्या जिल्ह्याचा किंवा जवळच्या बंदराचा एक जुना नकाशा शोधा, वापराची अट वाचा आणि त्याची गोष्ट पाच ओळींत लिहा. त्या पाच ओळी शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्याने "अजून सांग" म्हटलं, तरच प्रिंटची ऑर्डर द्या.